क्वेरी कोणी लिहायची?

२०११ साली मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, की एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसशी बोलण्याचं ओएलई डीबी हे तंत्र यापुढे बंद होणार. प्रोग्रामरांनी आता ओडीबीसी या दुसऱ्या तंत्राकडे वळावं. अनेकांना हे उलटंच वाटलं. ओडीबीसी १९९२ सालचं, आणि त्याची जागा घेण्यासाठीच तर काही वर्षांनी ओएलई डीबी आणलं होतं. २०१७ मध्ये कंपनीने हाही निर्णय फिरवला आणि २०१८ मध्ये ओएलई डीबीचा नवा ड्रायव्हर बाजारात आला. आज दोन्ही नांदताहेत.

डेटाबेसशी बोलण्याच्या तंत्रांमध्ये नवं येतं, पण जुनं सहसा जात नाही. त्यामुळे जन्मसालावरून त्यांची प्रत ठरवता येत नाही. त्यांना लावण्याजोगी कसोटी वेगळी आहे: क्वेरी कोण लिहितं, आणि जे डेटाबेसकडे जातं ते प्रोग्रामरला दिसतं का?

ओडीबीसीच्या आधी प्रत्येक डेटाबेसची स्वतःची लायब्ररी होती. ओरॅकलसाठी लिहिलेला प्रोग्राम सायबेसवर न्यायचा तर डेटाबेसशी बोलणारा सगळा भाग नव्याने लिहावा लागे. ओडीबीसीने मध्ये दोन थर घातले: प्रोग्रामसमोर एकच ठरलेला इंटरफेस, आणि त्यामागे प्रत्येक डेटाबेसचा आपापला ड्रायव्हर. क्वेरी मात्र प्रोग्रामरनेच लिहायची. जावाचं जेडीबीसी १९९७ मध्ये याच घडणीचं आलं. सुरुवातीला ड्रायव्हर कमी होते, म्हणून ओडीबीसीचेच ड्रायव्हर वापरता यावेत असा एक पूलही जावात होता. तो २०१४ च्या जावा ८ मध्ये काढून टाकला गेला.

मायक्रोसॉफ्टच्या वाटेवर नावांची गर्दी झाली. ॲक्सेसच्या जेट इंजिनासाठी डीएओ, दूरच्या सर्व्हरसाठी आरडीओ, आणि १९९६ मध्ये ओएलई डीबीवर बेतलेलं एडीओ. एडीओचा रेकॉर्डसेट शिकायला सोपा होता. उघडा, एकेक ओळ पुढे सरका, बदल करा, बंद करा. ऑफिसातल्या वीस-पंचवीस संगणकांसाठी हे छान चाले. वेबवर हजारो लोक एकाच वेळी येऊ लागले, तेव्हा प्रत्येकासाठी कनेक्शन उघडं ठेवणं परवडेना. २००२ च्या एडीओ डॉट नेटने म्हणूनच दिशा बदलली. कनेक्शन घ्यायचं, माहिती उचलायची, कनेक्शन लगेच परत करायचं. माहिती जवळ ठेवून काम करायचं असेल तर डेटासेट, आणि नुसती भरभर वाचायची असेल तर डेटारीडर.

या पिढीवर सर्वांत मोठा ठपका एसक्यूएल इंजेक्शनचा आहे. वापरकर्त्याने फॉर्ममध्ये टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा क्वेरीच्या स्ट्रिंगला जोडला, की त्यात दडवलेली आज्ञाही डेटाबेस पाळतो. हा धोका १९९८ पासून उघडपणे मांडला गेला होता. पण हा दोष तंत्राच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. मूल्य वेगळं पाठवण्याची, म्हणजे पॅरामीटरची, सोय ओडीबीसीत होती, जेडीबीसीत होती, एडीओतही होती. पाठ्यपुस्तकांतल्या आणि नमुना प्रोग्रामांतल्या सवयीने स्ट्रिंग जोडणं शिकवलं, आणि तेच पुढे गेलं.

त्यानंतर आलेल्या तंत्रांनी क्वेरी लिहिण्याचं कामच प्रोग्रामरकडून काढून घ्यायचं ठरवलं. प्रोग्राममध्ये असतात ऑब्जेक्ट, डेटाबेसमध्ये असतात टेबल. त्यांची सांगड घालणारी साधनं म्हणजे ओआरएम. गॅव्हिन किंग यांचं हायबरनेट २००१ मध्ये आलं, रेल्सचं ॲक्टिव्ह रेकॉर्ड २००४ मध्ये, मायक्रोसॉफ्टचं एंटिटी फ्रेमवर्क २००८ मध्ये. नवी नोंद घालणं, एक नोंद बदलणं, एक काढणं यांसाठीचा तोच तो कोड लिहिण्यात जाणारे तास यांनी वाचवले. क्वेरी पॅरामीटरसह तयार होत असल्याने इंजेक्शनचा धोकाही पुष्कळ घटला. ही कमाई मोठी आहे आणि ती नाकारण्यात हशील नाही.

किंमतही तेवढीच खरी आहे. पन्नास ऑर्डरी दाखवायच्या आणि प्रत्येकीसमोर ग्राहकाचं नाव हवं, असं समजा. एसक्यूएल जाणणारा प्रोग्रामर एक जॉइन लिहून मोकळा होतो. ओआरएमच्या लूपमध्ये ग्राहकाचं नाव साध्या गुणधर्मासारखं विचारलं, की ऑर्डरींसाठी एक आणि ग्राहकांसाठी पन्नास, अशा एक्कावन्न फेऱ्या डेटाबेसकडे होऊ शकतात. कोड स्वच्छ दिसतो, पान रखडतं, आणि कारण कोडमध्ये कुठेच नजरेस पडत नाही. टेड नेवर्ड यांनी २००६ मध्ये ओआरएमला संगणकशास्त्राचं व्हिएतनाम म्हटलं ते अशाच अडकलेपणाबद्दल: सुरुवात सोपी, पुढे गुंतत जाणं, आणि माघारीचा रस्ता नाही. एंटिटी फ्रेमवर्कच्या पहिल्या आवृत्तीविरुद्ध तर २००८ मध्ये प्रोग्रामरांनी जाहीर अविश्वासपत्रावर सह्या केल्या होत्या.

एंटिटी फ्रेमवर्कच्या २०१६ च्या नव्या अवतारात, ईएफ कोअरमध्ये, आणखी एक सापळा होता. अटीचं एसक्यूएलमध्ये भाषांतर जमलं नाही, तर ते साधन गुपचूप जास्तीच्या ओळी मागवून अट स्वतःच्याच स्मृतीत तपासायचं. चाचणीच्या शंभर ओळींवर हे कळायचंही नाही. खऱ्या टेबलवर सर्व्हर दमून जायचा. २०१९ च्या ३.० आवृत्तीने असं गुपचूप करणं थांबवलं. आता तिथे सरळ एरर येते. गैरसोयीचा वाटणारा हा बदल त्या साधनाच्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय म्हणावा लागेल.

उलट्या दिशेची वाट २०११ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोच्या सॅम सॅफ्रन आणि मार्क ग्रॅव्हेल यांनी दाखवली. मायक्रोसॉफ्टचं लिंक टू एसक्यूएल हे ओआरएम क्वेरी तयार करण्यात वेळ खात होतं, म्हणून त्यांनी डॅपर लिहिलं. एसक्यूएल प्रोग्रामरनेच लिहायचं, आलेल्या ओळी ऑब्जेक्टमध्ये भरण्याचं कंटाळवाणं काम तेवढं डॅपर करणार. ही विभागणी इतकी पटणारी निघाली, की मोठी साधनंही तिकडे सरकली. ईएफ कोअरमध्ये २०२० पासून तयार होणारी क्वेरी सहज छापून पाहता येते, आणि २०२३ च्या आठव्या आवृत्तीत हाताने लिहिलेल्या एसक्यूएलचं उत्तर कोणत्याही साध्या क्लासमध्ये घेता येतं. डॅपर असो वा ईएफ, दोन्ही आतून एडीओ डॉट नेटवरच उभे आहेत, हायबरनेट जेडीबीसीवर.

खालचा थर माहीत असण्याची गरज मराठी मजकूर साठवणाऱ्याला तर लवकर कळते. एसक्यूएल सर्व्हरच्या क्वेरीत ‘पुणे’ हा शब्द त्याच्यापुढे एन हे अक्षर न लावता थेट लिहिला, तर यूटीएफ-८ कोलेशन नसलेल्या डेटाबेसमध्ये त्याची चार प्रश्नचिन्हं होतात. डॉट नेटमधून पॅरामीटर म्हणून पाठवला तर तो युनिकोडमध्ये जातो आणि एनव्हारकॅर कॉलममध्ये शाबूत पोहोचतो. पण हीच सोय दुसरीकडे नडते. कॉलम साधा व्हारकॅर असेल आणि पॅरामीटर युनिकोड, तर सर्व्हर कॉलमचंच रूपांतर करू लागतो. काही जुन्या कोलेशनमध्ये त्यामुळे इंडेक्स असूनही सगळा इंडेक्स पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला जातो. कॉलमचा प्रकार ओआरएमला नीट सांगितला की हे टळतं. सांगायचं असतं हे मात्र आधी ठाऊक हवं.

अलीकडचं लक्षवेधी काम ओआरएमच्या बाहेर चाललं आहे. ओडीबीसी आणि जेडीबीसी माहिती ओळींच्या रूपात देतात. विश्लेषणाची आजची साधनं ती कॉलमांच्या रूपात वापरतात. लाखो ओळी एका रूपातून दुसऱ्यात उलटण्यातच वेळ जातो. अपाचे ॲरो प्रकल्पाने २०२३ च्या जानेवारीत मांडलेलं एडीबीसी ही उलटापालट टाळून कॉलमच थेट हाती देतं. रोजच्या बिलं-पावत्यांच्या कामाला त्याचा विशेष उपयोग नाही, आणि ओडीबीसीची सगळी जागा घेण्याचा दावाही ते करत नाही.

एडीओवर चालणारा जुना प्रोग्राम केवळ जुना आहे म्हणून मोडीत काढू नये. त्यात स्ट्रिंग जोडून केलेल्या क्वेरी असतील तर त्या आधी पॅरामीटरवर आणाव्यात. उघडी राहणारी कनेक्शनं बंद करावीत. नव्या कामात साध्या नोंदींसाठी ओआरएम आणि अहवालांसाठी हाताने लिहिलेलं एसक्यूएल, ही जोडी बहुतेक ठिकाणी पुरते. मात्र तयार होणारी प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये दिसण्याची सोय पहिल्या दिवसापासून असावी, आणि टीममध्ये ती वाचून एक्झिक्युशन प्लॅन समजणारा किमान एक माणूस असावा.