चार कोटी उत्तरे, पण कोणाची?

चालकाविना धावणाऱ्या मोटारीचे ब्रेक निकामी झाले आहेत. सरळ गेली तर रस्ता ओलांडणारे दोन वृद्ध मरतील. वळली तर दोन मुले. कोणाला वाचवाल? अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०१६ साली ‘मॉरल मशीन’ या संकेतस्थळावर असे प्रसंग चित्रांतून मांडले. एका वेळी १३ प्रसंग. प्रत्येकात दोन चित्रांपैकी एक निवडले की उत्तर नोंदले जाई. २०१८ साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा २३३ देश व प्रदेशांतून सुमारे ४ कोटी उत्तरे जमली होती.

प्रयोगाची रचना कौतुकास्पद आहे. वय, लिंग, माणसांची संख्या अशा नऊ बाबी संगणक चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे बदलत राहतो. त्यामुळे कोणत्या बाबीचा निवडीवर किती प्रभाव पडला, हे वेगळे काढता येते.

माझे आक्षेप दोन आहेत. पहिला, उत्तरे दिली कोणी? जे आपणहून आले त्यांनी. त्यांत तरुण, शिकलेल्या पुरुषांचा भरणा होता. दहा भाषांची सोय होती, पण त्यांत हिंदी नव्हती, मराठीही नव्हती. ही मर्यादा संशोधकांनी मान्य केली. तरीही १३० देशांचे तीन गट पाडून त्यांच्या नैतिक कलांची तुलना केली. १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकन साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक मतपत्रिका जमवून लँडन जिंकणार असे भाकीत केले, जिंकले रूझवेल्ट. नमुना एकांगी असेल, तर केवळ संख्या वाढवून तो प्रातिनिधिक होत नाही.

दुसरा आक्षेप प्रश्नावरच आहे. ‘वय किंवा लिंग पाहून भेद करू नये’ असे उत्तर देण्याची सोयच नव्हती. बिगमन आणि ग्रे यांनी २०२० साली ‘नेचर’मध्येच दाखवले, की हा तिसरा पर्याय दिला तर बहुतेक लोक तोच निवडतात. म्हणजे मोजला गेला तो काही अंशी प्रश्नाचा साचा होता.

शिक्षकांनी हे वर्गात करून पाहावे. चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन भाग करा. प्रश्न तोच ठेवा; एका भागाला दोन पर्याय द्या, दुसऱ्याला तीन. उत्तरे फळ्यावर मांडा. ‘जगाला असे वाटते’ हे वाक्य पुढे कधी वाचनात आले, तर ‘कोणाला विचारले आणि कसे विचारले?’ हे विद्यार्थी आपणहून विचारतील.