सच्चर अहवालातील आरोग्यविचार : एक चिकित्सा

न्या. राजिंदर सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेपुढे आला. शिक्षण व नोकऱ्यांविषयीच्या त्यातील निष्कर्षांवर आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली. आरोग्यविषयक भाग मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

या भागाचे बलस्थान म्हणजे त्यातील प्रामाणिकपणा. समाज गरीब, म्हणून त्याची बालके अधिक दगावत असणार, असा आपला समज असतो. परंतु १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दर हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू हिंदूंमध्ये सुमारे ७७, तर मुस्लिमांमध्ये सुमारे ५९ होते. बालकांच्या जगण्यातील ही आघाडी समितीने मोकळेपणाने नोंदवली. मुस्लिम वस्ती लक्षणीय असलेल्या मोठ्या गावांपैकी सुमारे ४० टक्के गावांत वैद्यकीय सोयच नाही, हेही अहवालातच आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. गेरुसो व स्पीअर्स यांनी २०१८ मध्ये या आघाडीचा बराचसा भाग शौचालयांच्या अधिक वापराशी जोडला. तेव्हा मूल जगले म्हणजे आरोग्यसेवा न्याय्य आहे, असा अर्थ निघत नाही.

अहवालाची मुख्य मर्यादा येथेच आहे. सोय आहे की नाही, हे तो मोजतो. सोयीपर्यंत पोहोचलेल्या रुग्णाशी कसे वागले जाते, हे मोजत नाही. पिरनवाडीला बेळगावचे जिल्हा रुग्णालय दूर नाही. पण केसपेपर कोणत्या भाषेत, सूचना रुग्णाला समजली का, नाव वा पेहराव पाहून बोलण्याचा सूर बदलतो का, हे प्रश्न अंतराच्या कोष्टकात बसत नाहीत. ते विचारण्याची एक रीत निपाणीत दिसते. १९८२ मध्ये 'युगांतर' गटाने तेथील तंबाखू कामगार स्त्रियांवर माहितीपट केला. त्यात त्या स्वतःच्या तोंडाने आपली हकिकत सांगतात.

समाजवार नोंद करावी की नाही, हा वाद २०२० नंतर अधिक बिकट झाला. त्या एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या पत्रकार परिषदांत तबलिगी जमातीशी संबंधित कोविड रुग्णांचा आकडा वेगळा सांगितला जात होता. कोणत्याही समाजाला साथीसाठी दोषी धरू नये, असे आवाहनही त्याच मंत्रालयाने केले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याची शक्यता नमूद केली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये वंशभेद हा सार्वजनिक आरोग्याला गंभीर धोका असल्याचे जाहीर केले. तेथे वंशवार नोंदी होत्या म्हणूनच मृत्यूंमधील तफावत दाखवता आली.

म्हणून नोंदच नको, ही भूमिका आपल्याला परवडणारी नाही. सच्चर समितीने समाज मोजला तो शासनाने काय दिले हे विचारण्यासाठी. २०२० मधील मोजणीतून समाजाने काय पसरवले, एवढेच विचारले गेले. हा फरक वर्गात स्पष्ट केला पाहिजे. पिरनवाडी-निपाणी पट्ट्यातील विद्यार्थ्यांना प्रकल्पकार्यासाठी एवढा एकच प्रश्न द्यावा : दवाखान्यात गेल्यावर तुमच्याशी कसे वागले गेले? मात्र उत्तरे नोंदवताना रुग्णाचे नाव लिहू नये.