शेंदूर आणि समुद्र

समुद्र गुलाबी कसा? आंरी मातीस यांचे कोलियूर गावी काढलेले ‘उघडी खिडकी’ (१९०५) हे चित्र पाहून हा प्रश्न हटकून निघतो. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनानंतर मातीस, देरँ प्रभृतींना ‘फाव्ह’, म्हणजे रानपशू, हे नाव पडले. परंतु मारुतीचा पाषाण शेंदरी कसा, असे आपण कधी विचारतो काय? तेथे रंग वस्तूचा नसून भावाचा असतो.

हाच धागा भोपाळपर्यंत येतो. मंडला जिल्ह्यात जन्मलेले, नागपूर व मुंबई येथे शिकलेले सय्यद हैदर रझा १९५० साली फ्रान्सला गेले. भूमध्य समुद्राजवळचे टेकडीवरील कान्य गाव त्यांनी १९५१ मध्ये रंगविले. त्यातील घरांची मांडणी नेटकी खरी. पण जिव्हाळा आम्हांस उणा वाटतो. १९७८ साली भोपाळात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. पुढील वर्षांत नर्मदाखोऱ्यातील अरण्यांच्या आठवणी व बिंदू त्यांच्या चित्रांत ठळक झाले. रंगाला मोकळीक पॅरिसमध्ये लाभेल. त्याला गाभारा मात्र आपल्याच मातीत सापडतो, असे आम्हांस वाटते.