गीता विश्वास बदलली तेव्हा आपण काही बोललो होतो का?

मार्च २०२४मध्ये आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा उडाला होता. एरवी त्या ग्रुपवर धानाचा भाव, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आणि सकाळची फुलं यापलीकडे काही येत नाही. तेव्हा मात्र सगळे एका विषयावर बोलत होते. शक्तिमानच्या सिनेमात रणवीर सिंग असणार, अशी चर्चा होती. मुकेश खन्नांनी त्याला जाहीर विरोध केला होता आणि अर्जुनी मोरगाव तालुक्यातली आमची अख्खी बॅच त्यांच्या पाठीशी उभी राहिली. "शक्तिमान म्हणजे मुकेश खन्ना, दुसरा कोनी नाही," असं एकानं लिहिलं. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. त्यातला एक अंगठा माझा होता.

तो अंगठा मी आज मागे घेतोय. का, ते सांगतो.

'शक्तिमान' १९९७मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली आणि २००५पर्यंत चालली. ती सुरू झाली तेव्हा आम्ही भंडारा जिल्ह्याचे होतो. १ मे १९९९ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे संपली तेव्हा आम्ही गोंदियाचे. आमच्या आळीत एकच ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. रविवारी दुपारी लाईट गेली की कुणीतरी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचा. चित्र डळमळायचं, आवाज खरखरायचा, पण तीस-चाळीस पोरं श्वास रोखून बसायची. हे आठवलं की कुणीही मुकेश खन्नांच्या बाजूनं भांडायला तयार होईल. मीही झालो.

पण मग मला माझा भाचा आठवला. एप्रिल २०२०मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, दूरदर्शननं ही मालिका पुन्हा दाखवली. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. मी मोठ्या अभिमानानं त्याला शेजारी बसवलं. काही दिवसांनी त्यानं विचारलं, "मामा, ही गीता वेगळी का दिसते?"

मी म्हणालो, "वेगळी कुठं? तीच आहे."

ती तीच नव्हती. सुरुवातीच्या भागांत पत्रकार गीता विश्वासची भूमिका किटू गिडवानी करत होत्या. पुढे ती वैष्णवी महंत यांच्याकडे गेली. मालिकेतलं शक्तिमाननंतरचं सगळ्यात महत्त्वाचं पात्र बदललं होतं. मी ते लहानपणी पाहिलं होतं आणि पार विसरूनही गेलो होतो. आज ग्रुपवर कुणालाही गीताचं नाव विचारा, वैष्णवी महंतच सांगतील.

म्हणजे "मूळ नट म्हणजेच पात्र" हा नियम आपण स्वतःच कधी पाळलेला नाही. त्याच मालिकेत एक चेहरा बदलला आणि आपण मुकाट्यानं बदलू दिला. याचं एक कारण सरळ आहे: मालिकेचं नाव गीताच्या नावावर नव्हतं. नायिका बदलली तर तो निर्मात्यांचा प्रश्न, नायक बदलला तर तो आपल्या श्रद्धेवर घाला. दुसरं कारण असं की तेव्हा आपल्याला आधी कुणी विचारलंच नाही. नवी गीता थेट पडद्यावर आली, तिनं काम केलं आणि आपण ते पाहिलं. पसंती-नापसंती ठरली ती काम पाहून.

हा फरक आपल्या भागातल्या माणसाला वेगळा समजावून सांगायला नको. दिवाळी झाली, धान घरात आलं की झाडीपट्टीत मंडईचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या नाटक कंपन्यांची बुकिंगं होतात आणि रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. तेच नाटक या वर्षी एक नट करतो, पुढच्या वर्षी दुसरा. एकदा आमच्या गावात पोस्टरवरचा नायक आजारी पडून आलाच नाही. तिकिटं काढलेली माणसं जाम भडकली. "पैसे वापस करा," अशी ओरड झाली. पण पडदा उघडला, दुसऱ्या नटानं पहिला अंक ओढून नेला आणि पहाटे घरी परतताना माझी आजी त्याच्याच आवाजाची तारीफ करत होती. आजीनं तक्रार सोडली नव्हती. तिनं आधी नाटक पाहिलं आणि मग तक्रारीचा हिशेब केला.

नागर मराठी रंगभूमीवरही हेच झालंय. 'नटसम्राट' १९७०मध्ये रंगमंचावर आलं तेव्हा गणपतराव बेलवलकर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. त्यांच्यानंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी ती भूमिका केली आणि २०१६मध्ये नाना पाटेकर सिनेमात बेलवलकर झाले. लागूंशी तुलना कुणालाच चुकली नाही. पण भूमिका लागूंबरोबर संपली असती, तर पुढच्या पिढ्यांना ते नाटक फक्त आठवणींत ऐकावं लागलं असतं.

विज्ञानकथेत तर ही अदलाबदल कथेतच बसवता येते. ब्रिटनमधली 'डॉक्टर हू' ही मालिका १९६३मध्ये सुरू झाली. मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना, तेव्हा १९६६मध्ये निर्मात्यांनी युक्ती काढली: डॉक्टर परग्रहावरचा आहे, त्यामुळे त्याचं शरीर बदलू शकतं. पॅट्रिक ट्राउटन नवे डॉक्टर झाले आणि मालिकेला आयुष्य मिळालं. तरीही २०१७मध्ये जोडी व्हिटेकर ही पहिली स्त्री डॉक्टर जाहीर झाली, तेव्हा काही चाहते संतापलेच. पन्नास वर्षं चेहरे बदलताना पाहिलेल्या माणसांनाही अचानक "मूळ" डॉक्टरची आठवण झाली. कथेनं परवानगी दिली, तरी चाहता ती देईलच असं नाही.

मुकेश खन्नांची बाजू मला पोकळ वाटत नाही. ते या भूमिकेचे नट आहेत, तसेच मालिकेचे निर्मातेही आहेत. शेवटी येणाऱ्या 'छोटी छोटी मगर मोटी बातें'मधून त्यांनी पोरांना नखं कापण्यापासून खरं बोलण्यापर्यंत बरंच काही सांगितलं. सोनी पिक्चर्सनं फेब्रुवारी २०२२मध्ये शक्तिमानवर चित्रपटत्रयी जाहीर केली. करोडोंच्या खेळात ते साधेपण टिकेल का, ही काळजी रास्तच आहे. पण त्यांचा आक्षेप रणवीरच्या अभिनयापेक्षा त्याच्या सार्वजनिक प्रतिमेवर होता, आणि तिथं माझं त्यांच्याशी जमत नाही. शक्तिमानची गोष्टच अशी की त्याची ताकद साधनेतून आणि पंचतत्त्वांतून आलेली. ती जन्मानं मिळालेली नाही, कमावलेली आहे. "तुम्हीही चांगले होऊ शकता" असं दर रविवारी सांगणाऱ्या नायकाची जागा मात्र दुसरं कुणीच घेऊ शकत नाही, असं म्हणायचं असेल, तर त्या शिकवणुकीचं काय करायचं?

आणि आता खरी गंमत. नोव्हेंबर २०२४मध्ये मुकेश खन्नांनी स्वतःच शक्तिमानचा पोशाख घालून टीझर आणला. आमच्या ग्रुपला आनंद व्हायला हवा होता. झालं उलटंच. "आता वय झालं साहेबांचं", "पोट दिसून राहिलं", हसण्याच्या इमोजी. आठ महिन्यांपूर्वी "दुसरा कोनी नाही" लिहिणारा गडीही त्यात होता. पुढे खन्नांनाच खुलासा करावा लागला की पुढचा शक्तिमान आपणच, असा आपला दावा नाही.

तो टीझर पाहताना मला आमचं भांडण कळलं. आम्हाला रणवीर नको होता, पण मुकेश खन्नाही नको होते. आम्हाला ती आळी, ती बॅटरी आणि ते वय हवं होतं. ते परत आणणं कुठल्याही नटाच्या हातात नाही. आणि त्याचा राग नव्या नटावर काढणं हा त्याच्यावर अन्याय आहे. साठी ओलांडलेल्या जुन्या नटाला हसणं तर त्याहून वाईट.

माझा भाचा आता चौदा वर्षांचा आहे. त्यानं तीन स्पायडरमॅन पाहिलेत आणि तिन्ही त्याला चालतात. त्याच्या वाट्याचा शक्तिमान अजून यायचा आहे. तो वाईट निघाला तर मी इथंच सविस्तर लिहीन. पण आधी तिकीट काढून पाहीन, माझ्या आजीसारखं.