हंडी फुटताना: एका छायाचित्राची तपासणी

दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी साताऱ्यात किंवा सांगलीत कोणतेही दैनिक उघडा. पहिल्या नाही तर तिसऱ्या पानावर हंडी फुटत असते. खापरांचे तुकडे हवेत, दह्या-पाण्याची चिळकांडी, खाली उंचावलेला एक हात. ही कात्रणे मी बरीच वर्षे जमवतो आहे. त्यांतून एक शंका आली, तीच येथे मांडतो. हे छायाचित्र फुटणे दाखवते, की आपल्या मनात आधीच असलेले फुटणे?

१९९०च्या दशकात सांगलीतल्या एका हंडीला मी छत्तीसचा रोल घेऊन उभा राहिलो होतो. एका चित्रात हंडी अख्खी आली, पुढच्यात नुसता दोर. डोळ्याने पाहून बोट दाबेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज जातो आणि तेवढ्यात सुटलेले खापर वीतभर खाली येते. म्हणजे फुटणे पाहून टिपता येत नाही. ते आधीच ठरवून, अंदाजाने दाबावे लागते. (कुस्तीच्या मैदानाचा नारळ तर छायाचित्रात कधीच फुटत नाही. पाहुणे तो हातात धरून कॅमेऱ्याकडे बघत असतात.)

अमेरिकेतील विद्युत अभियंता हॅरल्ड एजर्टन यांनी हा अंदाज यंत्राकडे सोपवला. अंधारात कॅमेरा उघडाच ठेवायचा. गोळीचा आवाज मायक्रोफोनपर्यंत पोचला की दिवा चमकायचा. १९६४चे त्यांचे गोळी आरपार गेलेले सफरचंद प्रसिद्ध आहे. दिव्याची चमक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्याही तिसऱ्या हिश्शाएवढी. तेवढ्या वेळात सेकंदाला साडेआठशे मीटर जाणारी गोळीही मिलिमीटरभर हलत नाही. आपल्याला वाटते, गर उडेल तो गोळी बाहेर पडते त्या बाजूने. चित्रात तो दोन्ही बाजूंनी उडाला आहे. येथे यंत्राने डोळ्याला खरोखर नवे काही सांगितले.

पण हेच एजर्टन दुधाच्या थेंबापाशी आले की मला गडबड दिसते. थेंब पडून उसळणारा मुकुट त्यांनी १९३०च्या दशकापासून टिपला, आणि सर्वांना ठाऊक असलेले रंगीत चित्र १९५७चे. आपण कलावंत नाही, अभियंता आहोत, आपल्याला फक्त वस्तुस्थिती हवी, असे ते बजावून सांगत. वस्तुस्थितीच हवी, तर वाकडेतिकडे मुकुट काय वाईट होते?

याचे उत्तर त्यांच्या आधीच्या एका माणसाकडे आहे. इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ आर्थर वर्दिंग्टन ठिणगीच्या उजेडात उसळते थेंब क्षणभर पाहत आणि स्मरणाने रेखाटत. सुमारे वीस वर्षे त्यांची चित्रे रेखीव, समतोल आली. १८९४मध्ये छायाचित्र काढता आले तेव्हा दिसले, की खरे थेंब ओबडधोबड उसळतात. वेडेवाकडे थेंब अपवाद समजून आपणच बाजूला सारत होतो, हे त्यांनी मान्य केले. माझ्या मते या विषयातला सर्वांत प्रामाणिक कबुलीजबाब हाच. एजर्टनचा मुकुट छायाचित्र असूनही पुन्हा वर्दिंग्टनच्या जुन्या रेखाटनाकडे झुकतो.

आपल्या दैनिकांतही तेच चालते. आजचा कॅमेरा सेकंदाला दहा-वीस चित्रे घेतो, त्यामुळे बोटाची चूक उरली नाही. उरली ती निवड. माझ्या कात्रणांत खापरे जवळपास नेहमीच पंख्यासारखी पसरलेली आहेत. हंडी एका बाजूने चिरून लोंबकळली, दही थेट वरच्या पोराच्या डोळ्यांत गेले, अशी चित्रे मी मैदानात पाहिली, छापील पानावर क्वचितच. आणि चौकट वर चढत गेली आहे. गोविंदा पडून जखमी होतात म्हणून २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने उंचीवर २० फुटांची मर्यादा घातली होती. पण ज्यांच्या खांद्यांवर ही उंची उभी राहते ते थर छायाचित्रात जेमतेम येतात.

आमच्या गल्लीतला एक मुलगा एके वर्षी दुसऱ्या थरात होता. हंडी फुटली, थर कोसळला, त्याच्या गळ्याजवळचे हाड मोडले. एका दैनिकात आलेले कात्रण त्याच्या आईने जपून ठेवले आहे. त्यात हंडी सुरेख फुटली आहे. पाहायला आलेल्यांना ती माउली कात्रणाच्या खालच्या कडेच्याही खाली, टेबलावर बोट टेकवून सांगते, "हा इथं होता."