ध्वनिमुद्रणातील ॲनालॉग-डिजिटल वाद आणि ख्यालसंगीत : एक चिकित्सक विचार

प्रास्ताविक

१९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली, तेव्हापासून ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात एक वाद अखंड चालू आहे. तबकडी व ध्वनिफीत या ॲनालॉग माध्यमांतील आवाज भरीव आणि जिवंत असतो, डिजिटल आवाज मात्र कोरडा व कृत्रिम वाटतो, असे एक पक्ष म्हणतो. डिजिटल मुद्रण स्वच्छ व अचूक असून तबकडीविषयीचे प्रेम हे निव्वळ स्मरणरंजन आहे, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे आहे. या वादाची परिभाषा प्रामुख्याने पाश्चात्त्य संगीताच्या व्यवहारात घडली. हिंदुस्थानी रागसंगीताचा विचार करताना ती जशीच्या तशी स्वीकारली, तर मूळ प्रश्न बाजूला पडतो. ध्वनीची गुणवत्ता केवळ माध्यमावर ठरत नाही. मुद्रणापासून श्रवणापर्यंत जे निर्णय घेतले जातात, त्यांवर ती अधिक अवलंबून असते. ख्यालगायनाच्या आधारे हे येथे तपासून पाहावयाचे आहे.

माध्यमांचे स्वरूप

ॲनालॉग मुद्रणात ध्वनिलहरीचा आकार तबकडीच्या खाचेत किंवा फितीवरील चुंबकीय लेपात अखंडपणे उमटतो. डिजिटल मुद्रणात त्याच लहरीचे ठरावीक अंतराने मोजमाप घेतले जाते. कॉम्पॅक्ट डिस्कसाठी हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा व १६ बिटांत होते. त्यामुळे डिजिटल लहर ‘पायऱ्यापायऱ्यांची’ असते आणि दोन पायऱ्यांमधील संगीत हरवते, असा एक समज रूढ आहे. तो शास्त्राला धरून नाही. सर्वोच्च कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप घेतल्यास मूळ लहर पुन्हा सलग उभी करता येते, हे नायक्विस्ट व शॅनन यांच्या कार्यातून प्रस्थापित झाले आहे. मानवी श्रवणाची वरची मर्यादा साधारणतः २०,००० हर्ट्झ मानली जाते. या हिशेबाने डिस्कची क्षमता पुरेशी ठरते. अतिमंद व अतितीव्र आवाजांतील अंतर डिस्कवर सुमारे ९६ डेसिबल राखता येते. उत्तम लाँगप्ले तबकडीवरही ते साधारण ७० डेसिबलच्या आसपासच राहते.

श्रवणाची साक्ष

कागदावरील आकड्यांनी रसिकाचे समाधान होत नाही. त्याला कानाची साक्ष हवी असते. मेयर व मोरन यांच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उच्च क्षमतेचे मुद्रण आणि तेच मुद्रण डिस्कच्या दर्जावर उतरवून, असे दोन्ही श्रोत्यांना न सांगता ऐकविण्यात आले. ५५४ चाचण्यांपैकी २७६ वेळा, म्हणजे जवळजवळ नाणेफेकीइतकीच, उत्तरे बरोबर आली. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा अठरा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के आढळले. फरक आहे, पण तो अत्यंत सूक्ष्म आहे.

२०२२ मधील एक घटना याहून बोलकी आहे. अमेरिकेतील मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या महागड्या तबकड्या शुद्ध ॲनालॉग म्हणून जाणकारांत वाखाणल्या जात होत्या. त्यांपैकी अनेकींच्या निर्मितीत २०११ पासून एक डिजिटल टप्पा होता, हे त्या वर्षी उघड झाले. ज्या कानांना डिजिटल आवाज तत्काळ ओळखू येतो असे मानले जात होते, त्यांनीच या तबकड्यांची प्रशंसा केली होती. त्या प्रशंसेला खोटे म्हणण्याचे कारण नाही. त्या तबकड्या खरोखरच काळजीपूर्वक केलेल्या होत्या आणि श्रोत्यांना ती काळजी ऐकू आली. तिचे श्रेय मात्र त्यांनी माध्यमाला दिले.

ख्यालाच्या कसोट्या

ख्यालगायनाच्या दृष्टीने ध्वनिमुद्रणाच्या तीन कसोट्या महत्त्वाच्या ठरतात. पहिली कसोटी अवधीची. १९०२ मध्ये कोलकात्यात फ्रेड गैसबर्ग यांनी गौहरजान यांचे गायन मुद्रित केले, तेव्हा तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. विलंबित लयीतील बढतीला तिथे वावच नव्हता. लाँगप्ले तबकडी आल्यावर ही कोंडी काहीशी फुटली. अमीर खाँ यांच्या १९६० च्या तबकडीत एका बाजूस मारवा व दुसऱ्या बाजूस दरबारी आहे. त्यांची अतिविलंबित मांडणी तीन मिनिटांत कल्पिणेही अवघड आहे. येथे महत्त्वाचे हे की, एका ॲनालॉग माध्यमाकडून दुसऱ्या ॲनालॉग माध्यमाकडे जाताना ख्यालाला जे लाभले, ते पुढे डिजिटल माध्यमाकडे वळताना लाभलेल्यापेक्षा कितीतरी मोठे होते.

दुसरी कसोटी तंबोऱ्याची. तंबोऱ्याच्या जवारीमुळे उमटणारी उपस्वरांची समृद्धी सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच शास्त्रीय दृष्टीने नोंदविली होती. रागाचा प्रत्येक स्वर या अखंड नादाच्या पार्श्वभूमीवर पारखला जातो. त्यामुळे फितीची किंवा तबकडीची गती किंचित जरी डळमळली, तरी षड्जच हलतो. स्थिर आधारस्वर ही डिजिटल मुद्रणाची रागसंगीताला मिळालेली खरी देणगी आहे. पण या वादात तिचा उल्लेख क्वचितच होतो.

तिसरी कसोटी पट्टीची. आरंभीच्या तबकड्यांची गती सर्वत्र सारखी नव्हती. ७४ फेऱ्यांच्या गतीने मुद्रित केलेली तबकडी ७८ फेऱ्यांवर वाजविल्यास स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनच्या जवळ जातो. स्वरांची परस्पर नाती बदलत नाहीत. लय आणि आवाजाची जात मात्र बदलते. अशी चुकीच्या गतीची तबकडी कितीही अचूकपणे डिजिटल केली, तरी ती चूकच अचूकपणे जतन होते.

संस्करणाचा प्रश्न

‘जुनी तबकडी नव्या डिस्कपेक्षा सरस वाटते’ ही रसिकांची तक्रार म्हणूनच सरसकट फेटाळता येत नाही. ती अनेकदा खरी असते. तिचे कारण तेवढे वेगळे असते. जुन्या मुद्रणातील खरखर काढण्यासाठी वापरली जाणारी साधने हलक्या हाताने वापरली नाहीत, तर खरखरीबरोबर तंबोऱ्याचे वरचे उपस्वरही पुसले जातात. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही अखंड, मंद व पार्श्वभूमीचे आवाज होत. गायकाचा आवाज स्पष्ट उरतो, पण त्याच्याभोवतीचा अवकाश नाहीसा होतो. तसेच संपूर्ण मुद्रण एकसारखे मोठे करण्याच्या हव्यासाने मंद्र सप्तकातील आलाप आणि तार सप्तकातील तान एकाच पातळीवर येतात. बढतीचा अर्थच चढत्या क्रमात असल्याने येथे केवळ ध्वनीची नव्हे, तर संगीतविचाराची हानी होते. हा दोष संस्करण करणाऱ्याच्या निर्णयाचा आहे.

याचा अर्थ डिजिटल माध्यम निर्दोष आहे, असा नव्हे. तबकडी झिजते, फीत बुरसते. तरी तिच्यातून काहीतरी ऐकू येत राहते. डिजिटल नोंद वाचणारे यंत्रच नाहीसे झाले, तर ती एकाएकी मुकी होते. डॅट या डिजिटल फितीची यंत्रे बनविणे सोनी कंपनीने २००५ मध्ये थांबविले आणि त्या फितींवरील मुद्रणे जुन्या चालू यंत्रांवर विसंबून राहिली. ॲनालॉगच्या बाजूने करता येण्याजोगा सर्वांत भक्कम युक्तिवाद टिकाऊपणाचा आहे. माधुर्याचा युक्तिवाद त्यापुढे दुबळा ठरतो.

निष्कर्ष

हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत व संगीत विभागांत जुन्या मैफलींच्या, व्याख्यान-प्रात्यक्षिकांच्या ज्या फिती आहेत, त्यांपैकी काहींची दुसरी प्रत कोठेही नसण्याचा संभव आहे. ‘डिजिटायझेशन झाले’ असे म्हणून मूळ फीत निकालात काढणे आणि ‘ॲनालॉगच खरे’ असे म्हणून ती कपाटात बुरसू देणे, या दोन्हींचा परिणाम एकच होतो. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस ९६ किलोहर्ट्झ व २४ बिट इतक्या क्षमतेने, कोणतीही सफाई न करता, प्रत घेण्याची आहे. तिच्यासोबत मूळ फीत जपावी. वाजविण्याची गती, गायकाची पट्टी व वापरलेले यंत्र यांची लेखी नोंद ठेवावी. श्रवणासाठी स्वच्छ केलेली प्रत निराळी असावी. एवढे घडले, तर पुढील पिढीतील जाणकाराला आजचा निर्णय पसंत पडला नाही, तरी मूळ ध्वनीपर्यंत जाऊन तो नव्याने घेता येईल. ध्वनीच्या गुणवत्तेचा वाद त्या वेळीही मिटलेला नसेल. पण वाद घालण्यासाठी ध्वनी शिल्लक असेल.