अश्रूंचा हिशेब

मी टीकाकार नाहीं. कादंबरीचें तंत्र, तिची घडण, तिच्यांतील पात्रांचें मनोविश्लेषण यांविषयीं अधिकारानें बोलणारे विद्वान् पुष्कळ आहेत. त्यांच्या पंक्तीला बसण्याची माझी योग्यता नाहीं आणि हौसहि नाहीं. रात्रीचें जेवण झाल्यावर आरामखुर्चींत पडून झोंप येईपर्यंत वाचणारा मी एक साधा वाचक आहें. परंतु कादंबऱ्या लिहिल्या जातात त्या आमच्यासारख्यांसाठींच. तेव्हां जेवणाऱ्यानें स्वयंपाकासंबंधीं चार शब्द बोलल्यास आचाऱ्यानें रागावूं नये, एवढीच विनंती आहे.

गेल्या पावसाळ्यांत पाय मुरगळल्यामुळें मला दीड महिना घरांत पडून राहावें लागलें. तेवढ्या अवधींत चार कादंबऱ्या वाचून झाल्या : शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’, वि. स. खांडेकर यांची ‘ययाति’, रणजित देसाई यांची ‘स्वामी’ आणि मिलिंद बोकील यांची ‘शाळा’. पहिल्या तीन तरुणपणीं वाचलेल्या. चौथी मला नवी. माझी थोरली मुलगी महाविद्यालयांत शिकते. तीहि माझ्यामागून तींच पुस्तकें वाचीत होती. हा लेख लिहिण्याची वेळ आली ती तिच्या एका प्रश्नामुळें.

‘मृत्युंजय’ प्रसिद्ध झाली १९६७ सालीं. लेखकानें तेव्हां तिशीहि गाठली नव्हती, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्यांच्या परिश्रमांचें नवल वाटतें. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण अशीं सहा पात्रें आळीपाळीनें बोलतात आणि कर्णाची जीवनकथा उलगडत जाते. भाषा भरजरी आहे. कधीं कधीं तर जर इतकी होते कीं मूळ वस्त्र दिसेनासें होतें. तरीहि पुस्तक खालीं ठेववत नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. विशीत ज्या पानांवर माझे डोळे भरून आले होते, त्याच पानांवर ते याहि वेळीं भरून आले. तें पाहून मुलगी म्हणाली, “बाबा, भरसभेंत हा माणूस द्रौपदीला काय म्हणाला, तें तुम्हांला आठवतें ना? मग तुम्ही रडतां तें नेमकें कोणासाठीं?”

मला राग आला. पण उत्तर सुचलें नाहीं, म्हणून मीं कपाटांतील महाभारताचें भाषांतर काढलें. सभापर्वांत कर्ण द्रौपदीला कुलटा ठरवितो आणि पांडवांचीं व तिचीं वस्त्रें उतरवून घेण्यास दुःशासनाला सांगतो. पुढें उद्योगपर्वांत श्रीकृष्णाजवळ तो त्या कठोर शब्दांबद्दल पश्चात्तापहि व्यक्त करतो. आणखी एक गोष्ट अशी : स्वयंवरांत द्रौपदीनें ‘सूतपुत्राला मी वरणार नाहीं’ असें म्हटल्याचा जो प्रसंग आपण सारे बाळपणापासून ऐकत आलों, तो पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९६६ सालीं पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेंत घेतलेला नाहीं, तो थोड्याच हस्तलिखितांत आढळतो. म्हणजे ज्या अपमानाच्या भांडवलावर आपण कर्णाचे अपराध माफ करीत आलों, तें भांडवलच मुळांत संशयास्पद आहे!

कादंबरीकार हा इतिहाससंशोधक नव्हे. लोकपरंपरेंतील कथा उचलण्याचा त्याचा हक्क मला मान्य आहे. द्यूतसभेच्या प्रसंगाला सावंतांनीं फांटाहि दिलेला नाहीं. माझी तक्रार वेगळी आहे. कर्णाविषयीं सहा जणांना बोलावयास लावलें, पण जिची त्यानें विटंबना केली त्या द्रौपदीला मात्र स्वतःचा असा एकहि भाग मिळाला नाहीं. सारी साक्ष एका पक्षाची. मग न्याय कसला?

आणि आतां कबुली देतों. मला कर्ण इतका प्रिय कां? पुष्कळ वर्षांपूर्वीं कचेरींत माझ्या हाताखालच्या एका गृहस्थाला बढती मिळाली आणि मी मागें राहिलों. तो सल मीं आजवर उराशीं जपला. त्या दुःखापायीं मीं घरच्या माणसांवर किती वेळां उगाच तोंड टाकलें, याचा हिशेब मात्र कधीं ठेवला नाहीं. ‘मृत्युंजय’ वाचतांना मी कर्णासाठीं रडत नव्हतों. मी माझ्यासाठींच रडत होतों. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला इतरांवर अन्याय करण्याची मुभा मिळते, असें तें पुस्तक माझ्या कानांत कुजबुजत होतें आणि मला तें गोड लागत होतें.

या दृष्टीनें पाहतां ‘ययाति’ मला अधिक न्यायी वाटली. १९५९ सालीं आलेल्या या कादंबरीचा लौकिक मोठा आहे. १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला आणि मराठीला तो मान प्रथमच लाभला. ययाति येथें आपल्या विषयासक्तीची कहाणी सांगतो; पण देवयानी आणि शर्मिष्ठा यांनाहि खांडेकरांनीं बोलूं दिलें आहे. त्यामुळें राजा आपल्या मोहाचें कितीहि करुण वर्णन करो, त्याची किंमत कोणी मोजली हें वाचकाला विसरतां येत नाहीं. दोष सांगावयाचा तर असा कीं, तिघेहि बोलतात खांडेकरांच्याच आवाजांत. उपमा आणि सुभाषितें यांची इतकी गर्दी होते कीं, मोठ्या भोजनांत दर घासाला श्रीखंड वाढावें तसें वाटतें. आमच्या पिढीनें तीं वाक्यें वहींत उतरून ठेवलीं होतीं. मुलीनें एकहि उतरून घेतलें नाहीं. पण शर्मिष्ठेचा भाग तिनें दोनदा वाचला.

‘स्वामी’विषयीं लिहितांना हात जड होतो, कारण हें पुस्तक माझ्या आईचें आवडतें होतें. १९६२ सालच्या या कादंबरीला १९६४ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १७६१ च्या पानिपतानंतर कोवळ्या वयांत पेशवाईचीं वस्त्रें अंगावर घेणारे माधवराव, त्यांचे काका राघोबादादा, निःस्पृह रामशास्त्री हीं माणसें देसायांनीं आपल्या घरांतल्यासारखीं जवळचीं केलीं. पतिपत्नींचा संकोची, अबोल जिव्हाळा तर इतका सुंदर उतरला आहे कीं त्यासाठीं सारें पुस्तक पुन्हां वाचावें. परंतु १७७२ सालीं थेऊर येथें माधवरावांचें देहावसान होतें, रमाबाई सती जातात, आणि तेथें कथेवर असा कांहीं मंगल प्रकाश पडतो कीं, वाचक हात जोडतो आणि विचार करावयाचें विसरतो. घडलेला इतिहास कादंबरीकारानें बदलावा असें मी म्हणत नाहीं. पण एक तरुण स्त्री चितेवर चढते, या घटनेंतील भीषणतेची एखादी झळ तरी वाचकाला लागावयास नको काय? आई या पानांशीं आली म्हणजे पदरानें डोळे टिपी. मला तिच्या अश्रूंचा अवमान करावयाचा नाहीं; माझेहि डोळे कोरडे राहिले नाहींत. पण रडून झाल्यावर थोडा वेळ मला स्वतःची लाज वाटली.

राहिली ‘शाळा’. ती २००४ सालीं प्रसिद्ध झाली. आणीबाणीच्या काळांतील एका गांवांत नववीच्या वर्गांत शिकणारा मुकुंद जोशी, त्याचे वात्रट मित्र आणि त्याचें मन जिच्यापाशीं गुंतलें ती वर्गांतील शिरोडकर, एवढाच हा संसार. येथें राजा नाहीं, शाप नाहीं, रणांगण नाहीं. मुलांची भाषा मुलांचीच आहे. तिच्यांत शिव्या आहेत, म्हणून कांहीं घरांत नाकें मुरडलीं जातील. मधल्या भागांत कथा थोडी रेंगाळते. शिरोडकर ही आपल्याला मुकुंदाच्या डोळ्यांनींच दिसते. तिच्या मनांत काय होतें तें शेवटपर्यंत कळत नाहीं. पण लेखकहि तें कळल्याचा आव आणीत नाहीं, यांत मला मोठा प्रामाणिकपणा दिसला. मुकुंदाच्या वाट्याला आलेलें दुःख लहान नाहीं. पण तें दुःख त्याला कोणावर सूड घेण्याचा परवाना देत नाहीं. पुस्तक मिटतांना मी रडलों नाहीं. नववींतल्या माझ्या वर्गांतल्या चारपांच मुलांची मात्र तीव्रतेनें आठवण झाली, आणि त्यांतल्या एकाशीं मी किती वाईट वागलों होतों हेंहि आठवलें.

लोकप्रिय कादंबऱ्यांना नाकें मुरडणें ही कांहीं विद्वानांची संवय आहे. ती मला कधींच पटली नाहीं. दिवसभराच्या कामानें थकलेल्या माणसाला या पुस्तकांनीं सोबत केली आहे, आणि ज्या घरांत दुसरें पुस्तक नव्हतें तेथेंहि हीं पोंचलीं आहेत. तें ऋण मी मान्य करतों. पण यापुढें कोणत्याहि कादंबरीनें मला रडविलें, तर डोळे पुसल्यावर मी एवढेंच विचारीन : हे अश्रू मला दुसऱ्या कोणाच्या जवळ घेऊन गेले, कीं माझ्याच दुःखाभोंवतीं प्रदक्षिणा घालून परत आले?

मुलीला मीं तिच्या प्रश्नाचें उत्तर दिलें. कचेरींतील ती हकीकतहि प्रथमच सांगितली. ती कांहीं वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “आईला सांगितलेंत का हें?” अजून सांगितलेलें नाहीं. पाय आतां बरा झाला आहे. तेव्हां पडून राहण्याची सबबहि उरलेली नाहीं.